आत्याच्या रिपोर्टमधले ठिपके

निफाडचा पारा किती खाली गेला ही बातमी डिसेंबरात पेपरात येते, तेव्हा आम्ही नाशिककर शाल ओढून ती चवीने वाचतो. माझ्या आत्याला ती वाचावी लागत नाही. द्राक्षाचे मणी थंडीने तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवायला ती बाहेर पडली की तिच्या बोटांची पेरं खडूसारखी पांढरी पडतात. मग निळसर होतात आणि चुलीपाशी बसली की लालबुंद, ठणकणारी. तीन हिवाळे तिने ‘थंडी बाधते’ म्हणून काढले. चौथ्या वर्षी सांधे धरले, सकाळी मूठ मिटेना, तेव्हा तिला नाशिकला आणलं. डॉक्टरांनी रक्त तपासायला दिलं आणि काही दिवसांनी रिपोर्ट फोनवर आला. घरात जीवशास्त्र शिकवणारा मी एकटाच, त्यामुळे फोन माझ्या हातात.

एएनए (केंद्रकाविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी) पॉझिटिव्ह, १:१०००. नमुना: स्पेकल्ड. खाली दुसऱ्या चाचणीत यू१-आरएनपी पॉझिटिव्ह, एसएम निगेटिव्ह.

“स्पेकल्ड म्हणजे?”

“ठिपकेदार.”

“काय ठिपकेदार? रक्त?”

रक्त नाही, म्हटलं, पेशीचं केंद्रक. पेशीच्या आत एक गोल पिशवी असते, तिच्यात आपलं सगळं डीएनए. त्या पिशवीत काम करणारी काही प्रथिनं तुझ्या शरीराला परकी वाटायला लागली आहेत, म्हणून रक्तात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली.

“कोणती प्रथिनं? काय करतात ती?”

अकरावी-बारावीला मी हा भाग दरवर्षी शिकवतो. फळ्यावर दोन रंगांच्या पट्ट्या काढायच्या, एक रंग पुसायचा, उरलेले तुकडे जोडायचे, प्रश्नाला दोन गुण. आत्यासमोर मात्र मी अडकलो. मग मला अण्णा आठवले.

अण्णा म्हणजे माझे वडील, आत्याचे थोरले भाऊ. नाशिकमधल्या एका टॉकीजमध्ये ते ऑपरेटर होते. लग्नाआधी आत्या रोज त्यांचा डबा घेऊन केबिनमध्ये जायची आणि पहिला अर्धा तास फुकट बघून यायची. रीळ तुटलं की खाली शिट्ट्यांचा पाऊस, आणि वर अण्णा शांतपणे तुटलेली टोकं सरळ कापून, ब्लेडने खरवडून, फिल्म सिमेंट लावून दाबून धरायचे. ‘जोड मारणं’ हा त्यांचा शब्द. इंग्रजीत त्याला स्प्लाइसिंग म्हणतात, आणि तुझ्या रिपोर्टमधली प्रथिनं हेच काम करतात, असं सांगितल्यावर आत्या सरसावून बसली.

“म्हणजे पेशीतसुद्धा रीळ तुटतं?”

तुटत नाही. मुद्दाम कापतात. आणि थोडंथोडकं नाही.

जनुक म्हणजे एखादं प्रथिन कसं बनवायचं याची डीएनएमध्ये लिहिलेली कृती. पेशी आधी तिची आरएनए नावाची नक्कल काढते, ती केंद्रकाबाहेर जाते आणि तिच्यावरून प्रथिन तयार होतं. ही नक्कल मूळ कृतीशी अक्षराला अक्षर जुळणार, यात शास्त्रज्ञांना शंका नव्हती, कारण जीवाणूंमध्ये तसंच दिसलं होतं. १९७७ मध्ये ते गृहीत मोडलं. मोडणारा होता अ‍ॅडेनोव्हायरस, सर्दी-खोकल्याच्या विषाणूंपैकी एक. अमेरिकेत एमआयटीमध्ये फिलिप शार्प यांचा गट आणि कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत रिचर्ड रॉबर्ट्स यांचा गट, दोघांनीही विषाणूचा आरएनए त्याच्याच डीएनएला चिकटवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. नक्कल मुळाशी जुळत असती तर दोन्ही धागे शेजारी शेजारी बसले असते. प्रत्यक्षात डीएनएचे मोठाले फुगे बाहेर आलेले दिसले. त्या फुग्यांमधला मजकूर आरएनएमध्ये नव्हताच. तो मधूनच कापून टाकलेला होता.

पुढच्याच वर्षी वॉल्टर गिल्बर्ट यांनी नावं दिली: कापून टाकला जातो तो इंट्रॉन, राहतो तो एक्झॉन. शार्प आणि रॉबर्ट्स यांना १९९३ चं नोबेल मिळालं. कोल्ड स्प्रिंग हार्बरमध्ये सूक्ष्मदर्शकाचं काम करणाऱ्या लुईस चाऊ त्या यादीत नव्हत्या. मला ते अजून खटकतं.

कापाकापी किती, याचा अंदाज एका जनुकावरून घ्या. डिस्ट्रॉफिन हे स्नायूंचं प्रथिन. त्याचं जनुक बावीस लाखांहून जास्त अक्षरांचं आहे आणि एवढी नक्कल उतरवायला पेशीला सुमारे सोळा तास लागतात. त्यातले ७९ एक्झॉन ठेवून बाकी सगळं कापलं की उरतात जेमतेम १४ हजार अक्षरं. अण्णांच्या हिशेबात मांडायचं तर तीन तासांच्या सिनेमासाठी जवळजवळ वीस दिवस अखंड चालेल इतकं चित्रीकरण करायचं आणि मग कात्री हातात घ्यायची.

संकलनाच्या उपमेवर नाशिकचा थोडा हक्क आहे, असं मी वर्गात सांगतो. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, आणि १९१३ मध्ये पहिला चित्रपट काढून झाल्यावर त्यांनी आपला सगळा कारखाना नाशिकलाच हलवला. फिल्मच्या कडेला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं सरस्वतीबाई घरातच करत. मुलांना पांडवलेण्यांच्या पायथ्याचं फाळके स्मारक ठाऊक असतं, सरस्वतीबाई नसतात.

तर केंद्रकातली ही संकलनाची खोली आतून कशी चालते?

नक्कल पूर्ण व्हायची वाट कोणी बघत नाही. डीएनएवरून आरएनए उतरत असतानाच माणसं कामाला लागतात. टोक वीस-तीस अक्षरं बाहेर आलं की त्याला एक टोपी चढवली जाते, एक उलटं जोडलेलं रासायनिक अक्षर. दुसरं टोक तयार झालं की तिथे ‘ए’ या एकाच अक्षराची दोनेकशे वेळा पुनरावृत्ती जोडतात. हे शिकवताना मुलं विचारतात, याचा उपयोग काय? अण्णांच्या प्रत्येक रिळाला पुढे-मागे कोऱ्या फिल्मचा तुकडा असायचा. त्याला लीडर म्हणतात. मशीनमध्ये ओवताना जे काही घासायचं-फाटायचं ते लीडरचं, चित्राला धक्का नाही. टोपी आणि शेपूट हे आरएनएचे लीडर. पेशीत टोकापासून आरएनए कुरतडणारी विकरं टपलेलीच असतात.

आता मधला भाग. डीएनएवरून सुटणारा हा धागा एकेरी असतो आणि एकेरी आरएनएला स्वतःलाच चिकटायची खोड असते. मोकळा सोडला तर जमिनीवर सांडलेल्या रिळासारखा त्याचा गुंता होईल. म्हणून धागा बाहेर पडताच काही प्रथिनं त्याला येऊन बिलगतात, ठरावीक अंतराने हातात धरतात. त्यांचं नाव हेटेरोजिनियस न्यूक्लिअर रायबोन्यूक्लिओप्रोटीन, थोडक्यात एचएनआरएनपी. नाव ठेवणाऱ्याला शिक्षा व्हायला हवी होती. यातली प्रमुख वीसेक, ए१ पासून यू पर्यंत अक्षरांनी ओळखली जातात. काही कायम केंद्रकातच राहतात, तर ए१ सारखी आरएनएला सोबत करत बाहेर जातात आणि परत येतात. धागा धरून ठेवण्याखेरीज आणखी एक काम ती करतात. कुठल्या तुकड्यावर कात्रीवाल्यांनी नजर टाकायची नाही, हे त्यावर बसून ठरवतात. त्याकडे पुन्हा वळू.

कात्री कुठे चालवायची हे कसं कळतं? जुन्या सिनेमात रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकायचा. पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन चालू करायचं, दुसऱ्याला चित्र त्यावर घ्यायचं. प्रेक्षकाला तो दिसतही नसे. अण्णांना फक्त तोच दिसायचा, आमच्या लग्नाची कॅसेट बघतानासुद्धा ते कोपऱ्याकडे बघत बसले होते. इंट्रॉनलाही अशाच खुणा असतात: सुरुवातीला जी-यू ही अक्षरं, शेवटी ए-जी, आणि शेवटाच्या थोडं आधी एक महत्त्वाचं ए.

अडचण अशी की अक्षरं एकूण चारच. जी-यू ही जोडी निव्वळ योगायोगाने दर सोळा अक्षरांत एकदा भेटणार. बावीस लाख अक्षरांत खोट्या खुणा लाखाहून जास्त! खरी कुठली हे ओळखण्यातच केंद्रकातल्या प्रथिनांचं कसब आहे.

आत्याच्या रिपोर्टमधलं यू१ इथे प्रवेश करतं. यू१ हा छोटासा आरएनए आहे आणि त्याला प्रथिनं बांधलेली आहेत (आरएनए अधिक प्रथिनं, म्हणून आरएनपी): तीन त्याची स्वतःची आणि सात एसएम प्रथिनं, जी गोल कडं करून त्याला वेढतात. इंट्रॉनच्या सुरुवातीच्या अक्षरांशी यू१ ची अक्षरं जुळतात, चावी कुलपात बसावी तशी, आणि प्रथिनं ती पकड घट्ट करतात. मधल्या ए वर यू२ हा तसाच दुसरा आरएनए बसतो. मग यू४, यू५ आणि यू६ एकत्र येतात, यू१ आणि यू४ सुटून जातात. इंट्रॉनचं पुढचं टोक कापलं जातं आणि वाकून मधल्या ए ला चिकटतं, दावणीच्या फासासारखा आकार होतो. मग मागचं टोक सुटतं, दोन एक्झॉन जोडले जातात आणि फास फेकला जातो. या सगळ्या जथ्याला स्प्लाइसोसोम म्हणतात. पाच आरएनए आणि शंभराहून जास्त प्रथिनं. तो तयार मशीनसारखा एका जागी उभा नसतो. प्रत्येक इंट्रॉनवर नव्याने जुळतो आणि काम झालं की पांगतो. डिस्ट्रॉफिनसाठी हे ७८ वेळा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण पाठ्यपुस्तकं ती चटकन उरकतात. प्रत्यक्ष कापण्याची रासायनिक क्रिया यू६ हा आरएनए घडवतो, प्रथिन नव्हे. ब्लेड आरएनएचं, हात प्रथिनांचे.

आणि हात स्थिर लागतो. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर प्रत्येक चित्राच्या कडेला चार भोकं असतात. जोड मारताना एका भोकाची चूक झाली की पडद्यावर नायकाचे पाय वर आणि डोकं खाली, मध्ये काळी पट्टी. अण्णांकडे ते सावरायला एक खुंटी असायची, फिरवली की चित्र जागेवर. आरएनएमध्ये चाराऐवजी तीनचा हिशेब आहे. तीन-तीन अक्षरांचा एक शब्द, एका शब्दाला प्रथिनाचा एक मणी. ‘सुमन बदाम निवडू लागली’ हे वाक्य तीन-तीन अक्षरांनी वाचा. आता पहिल्या शब्दातला ‘म’ जोडताना गळाला असं समजा आणि पुन्हा तीन-तीननेच वाचा: ‘सुनब दामनि वडूला गली’. एक अक्षर गेलं आणि पुढचं अख्खं वाक्य गेलं. पेशीकडे खुंटी नाही.

हे फक्त वहीतलं उदाहरण नाही. थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं. भारतात बीटा थॅलेसेमियाचं जे उत्परिवर्तन सर्वांत जास्त सापडतं, ते हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकातल्या पहिल्या इंट्रॉनमध्ये आहे, पाचव्या अक्षरावर. तिथे जी ऐवजी सी. ते अक्षर प्रथिनाच्या कृतीत नाहीच, कापून फेकायच्या भागातलं आहे. तरी तेवढ्याने यू१ ची पकड ढिली पडते, कात्री आजूबाजूच्या खोट्या खुणांवर चालते आणि नीट जोडलेला आरएनए फार थोडा हाती लागतो. लग्नाआधी दोघांनी रक्ताची एक साधी तपासणी करून घ्या, असं डॉक्टर सांगतात ते या अक्षरासाठी. आमच्याकडे छत्तीस गुण जुळवतात आणि ही तपासणी राहून जाते, पण तो विषय वेगळा.

आता एचएनआरएनपीकडे परत. त्यांच्या समोरच्या बाजूला एसआर नावाची प्रथिनं असतात. सेरिन आणि आर्जिनिन ही दोन अमिनो आम्लं त्यांच्यात खच्चून भरलेली, म्हणून एसआर. ती एक्झॉनवर बसतात आणि यू१, यू२ ला जवळ बोलावतात: ‘हा तुकडा ठेवायचा आहे, इकडे या.’ एचएनआरएनपी बहुतेक वेळा उलट सांगतात: ‘इथे काही नाही, पुढे चला.’ कुठल्या पेशीत कोणाची संख्या जास्त, कोण मोक्याच्या जागी आधी पोचलं, यावर एक्झॉन राहतो किंवा गळतो. म्हणजे एकाच चित्रीकरणातून दोन सिनेमे निघू शकतात. कॅल्सिटोनिनचं जनुक घ्या. थायरॉइड ग्रंथीत त्याच्यापासून कॅल्सिटोनिन हे संप्रेरक बनतं, जे रक्तातलं कॅल्शियम कमी करतं. चेतापेशींत तेच जनुक वेगळं कापलं जातं आणि सीजीआरपी नावाचा पूर्ण निराळा रेणू मिळतो. हा रेणू अर्धशिशीत भाग घेतो, आणि अर्धशिशीची अलीकडची काही इंजेक्शनं त्यालाच अडवतात.

माणसाच्या बहुतेक जनुकांत ही मुभा आहे. प्रथिनं बनवणारी आपली जनुकं वीसेक हजार, आणि मातीतल्या एका मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीचीही जवळजवळ तितकीच. हा आकडा पहिल्यांदा कळला तेव्हा पुष्कळांचा अहंकार दुखावला होता. फळमाशीचं एक जनुक तर कागदावर ३८,०१६ प्रकारे जोडता येतं, म्हणजे तिच्याकडे एकूण जनुकं आहेत त्याहून जास्त.

या ओढाताणीत हात घालून औषध बनवता येतं, हे माझ्या मते गेल्या काही वर्षांतलं सर्वांत देखणं काम आहे. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी या आजारात एसएमएन नावाचं प्रथिन नीट बनत नाही, आणि बाळाचे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. गंमत अशी की माणसाकडे या जनुकाची दुसरी प्रत असते. पण तिच्यात सातव्या एक्झॉनमधलं एक अक्षर बदललेलं आहे, आणि कात्रीवाले तो एक्झॉन बहुतेक वेळा गाळून टाकतात. त्याच्या शेजारच्या इंट्रॉनमध्ये एचएनआरएनपी ए१ आणि त्याचं भावंड बसून ‘पुढे चला’ म्हणत असतात. कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या एड्रियन क्रेनर यांनी एका औषध कंपनीबरोबर अठरा अक्षरांचा एक तुकडा घडवला. तो त्या जागेवर आधीच जाऊन बसतो. ए१ ला बसायला जागा राहत नाही, सातवा एक्झॉन टिकतो, प्रथिन बनायला लागतं. हे नुसिनर्सेन. अमेरिकेत २०१६ च्या डिसेंबरात त्याला मंजुरी मिळाली, आणि ते पाठीच्या कण्यातून द्यावं लागतं. पेपरात ‘सोळा कोटींचं इंजेक्शन’ म्हणून जे येतं ते हे नव्हे. ते नवीन जनुकच आत सोडतं.

आणि एसएमएन प्रथिनाचं पेशीतलं काम काय? यू१ वगैरेंचे छोटे आरएनए केंद्रकाबाहेर येतात तेव्हा त्यांना एसएम प्रथिनांचं कडं चढवायला मदत करणं. कडं चढलं की ते परत आत जातात. मी हे सांगितल्यावर आत्याने रिपोर्टवर बोट ठेवलं, “हे एसएम?”

हेच.

मग ठिपके. जोडणीचं सामान केंद्रकात सारखं पसरलेलं नसतं. वीस ते पन्नास पुंजके असतात आणि त्यांत एसआर प्रथिनं, यू१, यू२ दाटीवाटीने भरलेली असतात. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी ते १९१० मध्येच रेखाटले होते, आत काय आहे हे माहीत नसताना. ही बव्हंशी गोदामं आहेत, कापाकापी बरीचशी त्यांच्या काठावर आणि बाहेर चालते. या पुंजक्यांची एक कथा मला आवडते. ते रंगवून दाखवायला १९९० पासून जगभर एक ठरावीक प्रतिपिंड वापरलं जात होतं, आणि ते एससी३५ नावाच्या एसआर प्रथिनाला चिकटतं असं सगळे लिहीत होते. २०२० मध्ये कोणीतरी नीट तपासलं, तर ते मुख्यतः भलत्याच, कितीतरी मोठ्या प्रथिनाला चिकटत होतं. तीस वर्षं पाटी एकाची आणि घर दुसऱ्याचं. ठिपके मात्र खरे होते.

एएनएच्या चाचणीत काचेवर माणसाच्या पेशींचा थर असतो. त्यावर रुग्णाच्या रक्तातला द्रव पातळ करून घालतात. त्यात केंद्रकाविरुद्ध प्रतिपिंडं असतील तर ती आपापल्या प्रथिनाला जाऊन चिकटतात, आणि मग चमकणारा रंग लावला की ती जागा हिरवी दिसते. आत्याच्या रक्ताने केंद्रकभर खरबरीत दाणे उजळले आणि मधली केंद्रिका (केंद्रकाच्या आतला घट्ट गोळा) काळी राहिली. हे दाणे म्हणजे तंतोतंत ती गोदामं असं नाही, पण यू१ जिथे जिथे दाटला आहे तिथे उजेड. काचेवरच्या त्या पेशींना हेप-२ म्हणतात. घशाच्या कर्करोगातल्या म्हणून त्या विकल्या गेल्या आणि नंतर कळलं की त्या हेला पेशींच्या भेसळीतून आलेल्या आहेत, म्हणजे १९५१ मध्ये वारलेल्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या. निफाडच्या आत्याचं रक्त बाल्टिमोरच्या बाईच्या पेशींवर तपासलं गेलं.

माझ्या मते इथेच या गोष्टीचा गाभा आहे. जोडणी करणारी ही प्रथिनं शास्त्रज्ञांनी आधी शोधली आणि मग आजार कळला, असं झालेलं नाही. आधी आजारी माणसं आली. १९६६ मध्ये न्यूयॉर्कला एंग टॅन आणि हेन्री कुंकेल यांना ल्युपसच्या (यात रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते) एका रुग्णाच्या रक्तात एक नवं प्रतिपिंड सापडलं, आणि ते ज्याला चिकटतं त्या अज्ञात वस्तूला त्यांनी त्या रुग्णाच्या आडनावातली पहिली दोन अक्षरं दिली: एसएम. १९७२ मध्ये गॉर्डन शार्प यांनी ‘मिक्स्ड कनेक्टिव्ह टिश्यू डिसीज’ हा ल्युपससारख्या काही आजारांची सरमिसळ असलेला आजार मांडला, ज्यात आरएनपीविरुद्धची प्रतिपिंडं ठळक असतात. हे शार्प वेगळे आणि नोबेलवाले शार्प वेगळे, मुलं पेपरात हमखास घोळ घालतात. पण एसएम काय, आरएनपी काय, ती पेशीत करतात काय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

१९७९ मध्ये येल विद्यापीठात जोन स्टाइट्झ आणि त्यांचा विद्यार्थी मायकेल लर्नर यांनी रुग्णांच्या रक्तातलीच प्रतिपिंडं गळासारखी वापरली. उंदराच्या पेशींच्या रसात ती टाकली आणि काय अडकतं ते बघितलं. आरएनपीवाल्या गळाला फक्त यू१ लागला. एसएमवाल्या गळाला यू१, यू२, यू४, यू५ आणि यू६ सगळे एकदम आले, कारण एसएमचं कडं जवळजवळ सगळ्यांच्या गळ्यात आहे आणि यू६ स्वतःला कडं नसलं तरी यू४ चा हात धरून येतो. पुढच्या वर्षी त्यांच्या लक्षात आलं की यू१ ची अक्षरं इंट्रॉनच्या सुरुवातीशी जुळतात. आणि १९८३ मध्ये तीच प्रतिपिंडं जोडणी चालू असलेल्या परीक्षानळीत घातली तर जोडणी थांबली. बोटं दुखणाऱ्या, गालावर चट्टे उठलेल्या, बहुतेक बायाच असलेल्या त्या रुग्णांनी (ल्युपसच्या दहांतले नऊ रुग्ण स्त्रिया असतात) संकलकांची ओळख पटवून दिली.

म्हणून आत्याच्या रिपोर्टमध्ये आरएनपी पॉझिटिव्ह आणि एसएम निगेटिव्ह हे उगाच दोन रकाने नाहीत. तिची प्रतिपिंडं यू१ च्या स्वतःच्या तीन प्रथिनांवर रोखलेली आहेत, सगळ्यांच्या कड्यावर नाहीत. त्यावरून डॉक्टर आजाराचा कल ताडतात.

शेजाऱ्यांनी आपापले जुने रिपोर्ट काढायच्या आधी एक सांगतो. नुसतं एएनए पॉझिटिव्ह म्हणजे आजार नव्हे. एंग टॅन यांनीच १९९७ मध्ये पुष्कळ प्रयोगशाळांतून निरोगी माणसांची रक्तं तपासून घेतली, तेव्हा १:८० ला (म्हणजे रक्तातला द्रव ऐंशी पट पातळ करूनही) शंभरातली तेरा आणि १:१६० ला पाच पॉझिटिव्ह निघाली. आकडा मोठा असेल, नमुना आणि पुढची चाचणी जुळत असेल आणि मुख्य म्हणजे अंगावर लक्षणं असतील, तर त्या कागदाला अर्थ येतो. आत्याच्या बाबतीत तिन्ही होतं.

ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं तो प्रश्न माझ्या वर्गात इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता.

“म्हणजे माझ्या पेशीत आता जोड चुकीचे पडतायत?”

नाही. परीक्षानळीत जोडणी थांबली, कारण तिथे पेशी फोडून रस काढलेला होता. जिवंत पेशीच्या आत, तेही केंद्रकात, प्रतिपिंडं सहसा पोचत नाहीत. तुझी संकलनाची खोली ठीक चालली आहे. त्रास बाहेर आहे. पेशी मरतात तेव्हा त्यांच्यातला यू१ बाहेर सांडतो, प्रतिपिंडं त्याला धरतात, आणि आरएनए असलेले ते गठ्ठे रोगप्रतिकारक पेशींना विषाणूसारखे वाटतात, म्हणून सूज. बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या थंडीत आखडतात. अशी प्रतिपिंडं असलेल्या आजारात फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतही दाब वाढू शकतो, म्हणून डॉक्टरांनी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लिहून दिला आहे.

“बरंय,” आत्या म्हणाली. “केबिनमध्ये काही नाही, दंगा खाली हॉलमध्ये आहे.”

इकोची तारीख सोमवारची मिळाली. लोकरीचे हातमोजे आम्ही मेन रोडवरून घेतले, दोन जोड, कारण एक ती बागेतल्या धुराने काळा करणार हे तिलाही माहीत होतं.